मामांची बढती

तीर्थरूप मामा,

नमस्कार. हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुम्ही उत्तर द्याल.

अर्धवट शिकलेल्या मला तुम्हीच या कार्यालयात कारकून म्हणून चिकटवलंत. तुम्ही वारलात, तेव्हा तुमच्या सेवापुस्तकात मृत्यूची नोंद मी करायची होती. मला ते लिहवलं नाही. पुस्तक तसंच कपाटात ठेवलं. चूक माझीच.

तेव्हापासून वर्षभरात तुम्ही उपसचिवाचे सहसचिव झालात, मग सचिव. प्रत्येक आदेशामागून तुमच्या सहीचा रुजू अहवाल येतो. शाई ओली असते.

"जिवंतपणी इतके भराभर चढले नाहीत रे तुझे मामा!" शिपाईकाका म्हणाले. हसलं मात्र कुणीच नाही.

आज नोंद करायला पुस्तक उघडलं, तर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'स्वीय सहायक म्हणून भाचा हवा. सोमवारी हजर व्हावे.'

आईला फक्त बदली झाली एवढंच सांगितलं.

"कुठे रे?" तिने विचारलं. मी जेवत राहिलो.

मामा, नोंद केली तर तुम्ही कायमचे जाल. नाही केली तर सोमवारी मी जाईन. म्हणून पुस्तक घरी आणलंय, आत्ताच करतो. रागावू नका. फक्त माझं मनगट सोडा.

तुमचा,
भाचा