बद्रीच्या पिकअपचे शॉकअप

कुंभार पिंपळगाव

प्रिय बद्री,

तू संभाजीनगरच्या दवाखान्यात पडून आहेस, तुझ्या खुब्यात नवा सांधा बसलाय, हे सगळं मान्य करूनही तुझ्या पिकअपविरुद्ध मला गंभीर तक्रार नोंदवायची आहे. सोमवारी आष्टीला मोसंबी उतरवून रिकाम्या गाडीने येत होतो. शेजारी भज्यांची पुडी ठेवलेली. एका खड्ड्यात ती उडाली आणि हिरवी चटणी माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाखाली, कायमची वस्तीला आली. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, कोणत्या पक्षाचा बिल्ला लावलाय. गावभराच्या खोड्या साप्ताहिकात छापणाऱ्या माणसाची ही अवस्था तुझ्या गाडीने केली.

गाडीच्या मागच्या फाळक्यावरून पडलास, अँब्युलन्समध्ये घालताना कण्हत होतास, तरी माझ्या हातात किल्ली कोंबून म्हणालास, "मोसंबी थांबू देऊ नको." थांबू दिली नाही. भरलेली असली की गाडी शहाण्यासारखी चालते, रिकामी झाली की करडासारखी उड्या मारते. आणि आता डॉक्टर म्हणतात, शनिवारी घरी न्या, पण धक्का बिलकुल बसता कामा नये. तू म्हणतोस, अँब्युलन्समध्ये पुन्हा बसणार न्हाई, आपल्याच गाडीत येणार. म्हणून काल शहागडला भागचंदशेठच्या दुकानात शॉकअप बदलायला गेलो.

शेठनी दोन जोड काउंटरवर मांडले. एक मऊ. रिकाम्या गाडीत तुला पाळण्यात घालून आणल्यासारखं आणता येईल, पण कॅरेट भरले की गाडी वळणावळणाला डुलत राहणार. दुसरा कडक. मालाखाली भक्कम, पण रिकामी असली की माणसाची हाडं खुळखुळवणार. एवढी जुनी गाडी, त्यात तुझं पोट तिच्यावर, आणि मी उभा, दोन्ही जोड हातात घेऊन वांगी निवडल्यासारखा. तुझा खुबा आठवून मी मऊ जोडाकडे हात नेला आणि मोठेपणाने शेठला सांगितलं, याच गाडीतून बद्रीने माझ्या बायकोला मणक्याच्या ऑपरेशननंतर हिवाळाभर जालन्याच्या दवाखान्यात नेलं-आणलं, कधी धक्का म्हणून बसला नाही. जुनेच शॉकअप होते, पण काय गाडी होती.

शेठ जुना शॉकअप फडक्याने पुसत होते. ते थांबले. "मास्तर, ह्यातलं तेल कधीचंच गेल्तं. ह्याच्यावर मणक्याचा पेशंट नेला? मागं वजन होतं का?"

होतं म्हटलं, खताची पोती होती, मीच त्यांच्यावर बसायचो.

"जाताना का येताना?"

दोन्ही वेळा, मी म्हणालो. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "खताला जालना दाखवून परत आणणारा शेतकरी मी आजच ऐकून राह्यलो."

तुला आठवत असेल, तेव्हा मी तुला किती टोमणे मारले. वहिनी आजारी असली तरी बद्रीशेठचा धंदा बंद न्हाई, एका डिझेलमध्ये पुण्यही आणि भाडंही. तू रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचास, "कल्याण, रिकामी गाडी परवडती का?" आणि मी मागे त्या पोत्यांवर ऐसपैस बसून पुढच्या लेखाची वाक्यं जुळवायचो.

घरी येऊन थेट तुझ्या गोठ्यात गेलो. तू पडल्यावर मोसंबी भरायला जागा हवी म्हणून गाडीतली ती पोती मीच तिथे भिंतीला लावली होती. एकाची शिवण उसवली. माती. तुझ्या बागेतली काळी माती, तिच्यात मोसंबीची वाळकी पानंसुद्धा. तुझ्या वहिनीला जाऊन सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भावजींनीच सांगितलं, मागं वजन असलं की गाडी उडत न्हाई. म्हणले, त्याला सांगू नका, तो पेपरात लिहील." ती आता खाली बसून भाकरी थापते, बद्री. मागच्या वर्षी तिला कूस बदलायलाही माझा हात लागायचा. मी चुलीत उगाच काटक्या सारायला लागलो. मग तिने मला पाणी आणायला पिटाळलं.

पेपरात काही लिहिणार नाही. तुलाच लिहितो आहे, कारण तोंडावर बोलायला लागलो तर तू गाडीचं काहीतरी काढशील आणि मी कुचकट काहीतरी बोलेन. शॉकअप कडक बसवले. गाडी तुझ्या मोसंबीची आहे, माझ्या एका फेरीची नाही. तुझी माती आज सकाळी तुझ्याच झाडांच्या बुडाशी नेऊन ओतली. मग तीच पोती माझ्या बांधावरच्या मातीने भरून, शिवून, हौद्यात आडवी लावली. शनिवारी येतो. तू पुढे गोधडीवर बस, मी हळू चालवीन. मागे काय आहे विचारलंस, तर खत आहे. रिकामी गाडी परवडती का.

तुझाच, आणि शनिवारपुरता तुझा ड्रायव्हर,
कल्याण