ओवीचं दुपारचं दूध

४ फेब्रुवारी
कामावर परत. ओवी साडेतीन महिन्यांची. मंचरचं साड्यांचं दुकान, लग्नसराई तोंडावर, आणखी थांबले असते तर जागा गेली असती. आमच्यासारख्यांना कसली पगारी रजा! निघताना दूध पिळून पेल्यात, पेला गार पाण्याच्या पातेल्यात. कमी पडलं तर पावडरचा डबा. सासूबाई म्हणाल्या, "जा बिनघोर, मी हाय की." आमचं पेठ गाव सुटेपर्यंत धीर धरला. मग एसटीत रडले.

६ फेब्रु.
दुपारी ब्लाउज ओला. गिऱ्हाईकाला पैठणी दाखवत होते, तीच छातीशी धरली. घरी पेला धुऊन पालथा. प्यायली म्हणायची. बरं वाटलं.

१७ फेब्रु.
अंगणवाडीत वजन. वाढ जवळपास नाहीच. ताईंनी दोनदा काटा लावला. हे म्हणतात, तिची अंगकाठीच बारीक आहे. मला नाही पटत.

१८ फेब्रु.
मुद्दाम अर्ध्या दिवसानेच घरी आले. सासूबाई पेला तुळशीत ओतत होत्या.
"आई, हे काय?"
"सकाळचं शिळं व्हतं गं. शिळं कसं पाजू लेकराला? मुंग्यांच्या वाटंला जाऊ न्हाई, म्हनून तुळशीला."
आणि डब्यातले चार चमचे सांगितले, तिथे दोनच. "डबा लई म्हाग. माझा ल्योक एकटा किती वढंल?"
खूप ओरडले. दोन आठवडे माझी लेक पांढऱ्या पाण्यावर! सासूबाई रात्री जेवल्याही नाहीत.
पण पेल्यातलं दूध दुपारपर्यंत चालतं, हे मी तरी कुठे सांगितलं होतं? पाव्हणे वाढले की चहात पाणी वाढवणारं आमचं घर. त्यांनी तेच केलं. राग नेमका कुणावर काढू..

१९ फेब्रु.
अंगणवाडीच्या ताईंनी घरी येऊन समजावलं. डब्याचं मापही दाखवलं. सासूबाईंनी मान हलवली. शिळं ते शिळंच, हे चेहऱ्यावर तसंच.

२० फेब्रु.
दीड वाजता दुकानाच्या पायरीवर सासूबाई! कडेवर ओवी, टोपडं वाकडं. हाफ तिकीट काढून, एसटीने, एकट्या. ज्या बाजारालाही सोबत मागतात, त्या.
"घे. ताजं पाज."
शेठ गडबडले, मग म्हणाले, "ताई, मागं गोदामात बसा." गठ्ठ्यावर बसून पाजलं. दारात सासूबाई पदर पसरून उभ्या, शेठच्या कॅलेंडरलाही आत बघू देईनात. हसू आवरेना. मग रडूच आलं. त्यांचा हात धरला आणि माफी मागितली.
"गप. पोरीला उचकी लागंल."

२८ फेब्रु.
रोज येतात. पाय सुजलेत, विचारलं तर लुगडं खाली ओढतात. ओवीचं वजन थोडं सरकलं.
आज शेठ म्हणाले, "माल आला की गोदामात जागा राहायची नाही. अर्धा दिवस या, अर्धा पगार. सोमवारी सांगा."
अर्ध्या पगारात घर भागत नाही. पूर्ण पगारात ओवीचं भागत नाही. हे म्हणतात, तू ठरवशील तसं.
आत्ता ओवी पितेय. मधेच थांबून माझ्याकडे बघते, हसते, आणि तोंडातलं दूध गालावर ओघळतं. ते बोटाने टिपून मी परत तिच्या ओठांना लावते.