शशीचा पेला

एडिनबरा, ७ ऑक्टोबर १९८९

पोचले! नव्या नोकरीसाठी हॉस्पिटलने दिलेली खोली लहान आहे, पण खिडकीतून किल्ला दिसतो. लेक मीनल शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत येईल तेव्हा खूश होईल. तोवर ती लंडनला, ईलिंगमध्ये, हरीशभावजी आणि शैलाकडे.

संध्याकाळी शशीचा बार शोधून काढला. इथे शिकत असताना तो यायचा. लग्नानंतर मला दाखवायचं राहून गेलं, आणि फेब्रुवारीत तोच गेला. रविवारी दारूबंदी असे तेव्हाची ही चोरून पिण्याची जागा. अजूनही शिंप्याच्या दुकानातल्या कपाटातून खाली उतरायचं! आत मेणबत्त्या, पियानो, रंगीत कॉकटेल्स. म्हातारा बारमन डंकन म्हणाला, इथली जुनी रीत आहे, गेलेल्या माणसाच्या आवडीचा पेला रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचा. मी शशीसाठी व्हिस्की-जिंजर मागवलं. रडले, पण बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

आज पुन्हा गेले. पेला भरलेलाच राहिला, तसं भावजींच्या बागेत ठेवलेलं दहाव्याचं पान आठवलं. कावळा शिवलाच नव्हता. पावसात भात भिजत होता आणि शैला म्हणाली, "वहिनी, इथल्या कावळ्यांना मराठी कुठलं कळायला!" सगळे हसले. मीही.

तेव्हा राहिलं ते आज केलं. हळूच म्हटलं, शशी, तुझ्या आईंना अंतर देणार नाही. पेला तसाच. पुन्हा लग्न करणार नाही. तसाच. मग म्हटलं, मीनलला घेऊन येईन तुझ्याकडे.

पियानोवर त्याची आवडती धून सुरू झाली. पाहिलं तर पेला रिकामा. बर्फसुद्धा नाही.

शिवला! घरी येईपर्यंत मी आनंदात होते.

१७ ऑक्टोबर

भावजींचा फोन. मीनलला ताप आहे. व्हायरल असेल, घाबरू नका म्हणाले. मग ती बोलली, तिच्या मोडक्या मराठीत. "आई, बाबा आली होती. माझा बेडवर बसली. जिंजरचा वास येते. म्हणाली, म्युझिक ऐकायला जाऊ."

बारबद्दल मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

तिला तिकडच्या हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये ठेवलंय. ताप उतरत नाही. तिथल्या डॉक्टरांना कारण सापडत नाही. मला माहीत आहे.

ट्रेनने निघावं की— नाही. शब्द जिथे दिला तिथेच मागे घ्यायला हवा.

२० ऑक्टोबर, बारमध्ये

विनवलं. मीनल नको म्हटलं. पेला भरलेलाच.

शशी, तू असा नव्हतास रे. फार एकटा पडलास का?

शेवटी म्हटलं, तिला सोड. मी येते. मी एकटी—

पेल्यातली व्हिस्की खाली जातेय. हळूहळू.

काउंटरवरून वॉर्डला फोन केला. शैला रडत होती, हसत होती. ताप उतरला. मीनलने वरणभात मागितला. विचारत होती, हाफ-टर्मला आई स्टेशनवर घ्यायला येणार ना?

मी हो म्हणाले—

घोटभर उरलंय. बोटं गार पडलीत. समोरची खुर्ची कुणीतरी मागे—

शशी, थांब ना. तिला एकदा—