आरपार खिसा

कासाब्लांका,
मे महिन्यातला दुसरा रविवार

प्रिय इब्तिसाम,

पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम आईकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे उघडलंच नसतंस. पहिल्याच ओळीत लबाडी, असं म्हणशील. म्हण. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

आधी इथली खबर. आपलं दुकान चालू आहे. दारावरच्या ज्या आकड्यावरून आपण ब्रँडचं नाव ठेवलं तो 'सोळा' या हिवाळ्यात एका बाजूने गंजला, आणि पोरं म्हणतात तसाच राहू दे, आता जास्त भारी दिसतो. समोरची मसेमनवाली अजून तव्यावर लाटी टाकताना तुझी चौकशी करते. 'ती चित्रांवाली कधी येणार?' मी म्हणते, 'येईल.' ती म्हणते, 'तू असं म्हणतेस तेव्हा माझ्याकडे बघत नाहीस.' मागच्या खोलीत, तुझ्या गॅलरीत, मी कपड्यांचे खोके ठेवलेत. तुझ्या पांढऱ्या भिंतींवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. चित्रं बघायला कुणी आलं तर मी सांगते, गॅलरीचं काम चालू आहे. कसलं काम, ते कुणी विचारत नाही.

तुला आठवतं, आपण किती भांडायचो? चित्रं बघायला येणाऱ्यांना आधी माझ्या हुडींमधून वाट काढावी लागायची, आणि ते जाता जाता बाह्या चाचपून म्हणायचे, 'अरे, हे तर घालता येतं!' तुला राग यायचा. माझी गिऱ्हाइकं तुझ्या चित्रांना पाठ करून फोटो काढायची, तेव्हा तर तू झाडू घेऊन मागे लागायचीस. पण प्रत्येक प्रदर्शनाबरोबर एक नवा कपडा काढायचा, मोजके ऐंशी नग, आतल्या अस्तरावर त्याच चित्रकाराचं काम, ही कल्पना तुझीच. शनिवारी सकाळी कोपऱ्यापर्यंत रांग लागायची ती त्यामुळे. मी हे तेव्हा कधी कबूल केलं नाही. सगळ्यांना 'आमची कल्पना' असं सांगायचे.

आता त्या जॅकेटकडे येते. जेलाबाच्या पायघोळ झग्याला असते तशी टोकदार टोपी, कडेला हाताने गुंफलेली फीत, आणि बाकी सगळं कमरेपर्यंत आखूड. हबूसमधल्या मालेम लहसननी पहिला नमुना शिवून दिला तेव्हा आपण दोघी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नाचायच्या बाकी होतो. मग तू खिशात हात घातलास आणि तो आरपार गेला. चाळीस वर्षं जेलाबा शिवलेल्या माणसाने सवयीने जॅकेटलाही बाजूला नुसती चीर ठेवली होती, आतल्या पँटीच्या खिशापर्यंत हात पोचावा म्हणून. तू हसून हसून डोळे पुसलेस. मी त्यांना सांगितलं, 'मालेम, ऐंशीच्या ऐंशींना आतून पिशवी लावा.' त्यांनी मान हलवली, पण तोंड असं केलं, जणू चहात साखर कमी पडलीय. आणि तो चुकलेला नमुना तू मागच्या खोलीत टांगलास, कुलपात. किल्ली एकच होती, तुझ्याकडे.

आपलं जॅकेट विक्रीला यायला बारा दिवस उरले होते. मी ट्रॅममध्ये उभी होते आणि समोर एक तरुण तेच जॅकेट घालून बसला होता. तीच टोपी, तीच फीत. मी स्वतःला समजावलं की भास आहे. मग त्याचा फोन वाजला. त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला, मनगट गेलं, त्याच्याही वर गेलं, आणि त्याने फोन काढला तो जीन्सच्या खिशातून. मी त्याला विचारलं, 'कुठून घेतलंस रे?' तो म्हणाला, 'बाजारातून, लल्ला. तुम्हाला हवंय? दुकानदाराकडे अजून आहेत, पण खिसे बघून घ्या, शिवणारा झोपेत होता.' मी त्याच संध्याकाळी जाऊन एक विकत आणलं.

माझा हिशेब सरळ होता. आरपार खिसा जगात एकाच जॅकेटला होता. ते जॅकेट कुलपात होतं. कुलूप तुझं होतं. त्या दिवसापासून मी तुझ्याकडे बघण्याची पद्धत बदलली, इब्तिसाम, आणि एकदा बदलल्यावर मला हवं ते सगळं दिसायला लागलं. तू फोन घेऊन रस्त्यावर जात होतीस. आधीही जायचीस, आत आवाज घुमतो म्हणून, पण आता मला वाटायचं, माझ्यापासून लांब जातेस. तो करड्या सुटातला माणूस तीनदा आला. मी चहा घेऊन आत आले की तुम्ही दोघं गप्प व्हायचात आणि तू उगाच उन्हाळ्याबद्दल बोलायला लागायचीस. एकदा मी विचारलं, 'कोण हा?' तू म्हणालीस, 'कुणी नाही, बाहेरगावचा आहे.' चित्रांबद्दल तासभर बोलणारी तू, आणि एका माणसाबद्दल तुझ्याकडे चार शब्द. माझी खात्री पटत गेली.

मी काय काय केलं ते सांगते, हसायचं तर हस. तुझ्या दाराच्या फटीत मी लाल दोरा अडकवून ठेवला. सकाळी तो पडलेला दिसला आणि मी दिवसभर धुमसत होते. दोरा जागेवर आहे का ते बघायला दार मीच ढकललं होतं, हे माझ्या डोक्यात आलं ते चार दिवसांनी, आणि तरी मी म्हटलं, एवढ्याशाने ती निर्दोष ठरत नाही. तुझा चहाचा पेला, तुझी वही, तुझं लवकर येणं, तुझं उशिरा येणं, सगळं मी मनात लिहून ठेवत होते. आईने एकदा म्हटलं, 'कौतर, विचार ना तिला सरळ.' मी म्हटलं, 'चोराला विचारून चोरी कळते का?' आई म्हणाली, 'चोराला नको विचारूस. इब्तिसामला विचार.' मी ऐकलं नाही.

आणि विचारलं ते कधी, तर उद्घाटनाच्या सकाळी. बाहेर रांग, आत तुझे पाहुणे, चित्रकाराचे म्हातारे वडील खुर्चीवर. मी बाजारातलं जॅकेट तुझ्या टेबलावर आपटलं, सगळ्यांसमोर त्याच्या खिशातून कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, 'हे कुणाला विकलंस?' कुणाला दिलंस असंही म्हणता आलं असतं. मी विकलंस म्हणाले. तू जॅकेटकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, 'तू विचारायला आलीस की सांगायला?' मग तू जुडग्यातून किल्ली सोडवलीस आणि त्या जॅकेटच्या खिशात टाकलीस. ती अर्थातच फरशीवर पडली. तू ती उचलली नाहीस, दुसऱ्या कुणीही उचलली नाही. तू पर्स घेतलीस, त्या म्हाताऱ्या वडिलांची माफी मागितलीस आणि निघून गेलीस. दोन दिवसांनी कळलं, तेतुआनला आईकडे गेलीस.

आता जे तुला माहीत नाही ते. जानेवारीत मी नवं कापड घेऊन मालेमकडे गेले. त्यांच्या दांडीवर तपकिरी जॅकेटांची रांग होती. मी एकाच्या खिशात हात घातला. पुढचं तू ओळखलंसच. मी विचारलं तर ते मशीनवरून नजरही न उचलता म्हणाले, 'बिन्ती, बाजारातल्या त्या दुकानदाराची आहेत. गेल्या उन्हाळ्यात तुमचं माझ्या मशीनवर बघितलं, म्हणाला मलाही असंच. दिलं शिवून.' मी म्हटलं, 'पण मालेम, नमुना तर आमच्याकडे होता.' त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. 'माप इथे असतं. नमुना कशाला लागतो?' मग म्हणाले, 'आणि त्या चिरेबद्दल म्हणशील, तर तुम्ही पोरींनी हट्ट धरला म्हणून तुमच्यात पिशव्या लावल्या. बाकीच्यांना मी नीट शिवून देतो.'

त्यांना आपलं काही चुकलंय याची कल्पनाच नव्हती. आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? माझी आई आयुष्यभर शेजारणींच्या जेलाबा मागून आणून याच माणसापुढे ठेवत आली, 'अगदी अशीच हवी' म्हणत. ज्या शेजारणीची जेलाबा नेली ती, आपली नक्कल झाली म्हणून, महिनाभर मिरवायची. लहानपणी मीच ती बोचकी उचलून नेलीत. तरी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, फक्त शिवणाऱ्यावर घेतला नाही. त्यांनी मला वर म्हटलं, 'तुझी ती मैत्रीण दिसत नाही. तिला खिसा आवडला होता. खूप हसली होती.' मी कापड तिथेच ठेवून बाहेर आले आणि मशिदीच्या भिंतीला टेकून रडले.

त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. चार पत्रं सुरू केली. प्रत्येकात दुसऱ्या ओळीपासून मी स्वतःची बाजू मांडायला लागायचे, की कुणालाही असंच वाटलं असतं. ती फाडली ते एक बरं झालं. पण हे पत्र त्या चुकीची माफी मागायला लिहीत नाहीये. तेवढंच असतं तर कदाचित आजही लिहिलं नसतं, एवढी मी अडेल आहे, तुला माहीत आहे.

मार्चमध्ये मला रबातहून एका कलादालनाच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, इब्तिसामने आमच्याकडे अर्ज केलाय, आम्हाला ती हवीच आहे. गेल्या वर्षी आमचा माणूस तीनदा तुमच्याकडे येऊन तिला विनवून गेला, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, मैत्रिणीला एकटं टाकून येणार नाही. मग आता असं काय झालं? लोक काहीबाही बोलतात. आमच्याकडे दुसऱ्यांची चित्रं असतात, किल्ल्या तिच्या हातात द्यायच्या का, एवढंच सांगा. इब्तिसाम, मला जानेवारीपासून सगळं खरं माहीत होतं. तरी आधी मनात आलं ते हे, की हा फोन तूच करवला असशील, माझी परीक्षा बघायला. आणि त्याच्या मागून दुसरं आलं, की रबातला लागलीस तर तू इथे कधीच परत येणार नाहीस. मी म्हणाले, 'तुमचं तुम्ही ठरवा.' त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. ती नोकरी तुला का मिळाली नाही, ते हे. तुझ्यात काही कमी नव्हतं. काल मी त्या बाईंना फोन करून खिशापासून किल्लीपर्यंत सगळं सांगितलं, माझ्या त्या तीन शब्दांसकट. त्यांनी तात्पुरतं कुणाला तरी घेतलंय, जागा अजून भरलेली नाही. मंगळवारी सकाळी त्या तुला फोन करणार आहेत, म्हणून हे पत्र आज तेतुआनच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. माझे फोन तू उचलत नाहीस ते ठीकच आहे. पण मंगळवारी रबातचा अनोळखी नंबर दिसला की तुला वाटेल, हीच दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करतेय, कारण असा संशय घ्यायला तुला मीच शिकवलं. तो फोन उचल. पलीकडे मी नसेन.

तुझीच, तू नाही म्हणालीस तरी,
कौतर