कार्ड नंबर एक

१ जुलै १९५४. कोसमटोला, तहसील गडचिरोली.
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. कार्ड सिस्टीमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलो. अख्ख्या चांदा जिल्ह्यात ही सिस्टीम समजलेला कारकून एकच, अन् तो सध्या या दवाखान्याच्या ओसरीत बसून डास मारून राह्यला आहे. दोन महिन्यांचा अहवाल झकास गेला की बदली नागपूरला. बायकोला, भागीरथाला, नागपूरला पत्र टाकलं: दसऱ्याला घरी जेवतो, पुरण घाल. ती तिकडे अन् मी इकडे, हे काही खरं नाही. फार आठवण येते.

२ जुलै.
सिस्टीम सुरू. प्रत्येक पेशंटला अकरा प्रश्न. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, घर नंबर, आजोबा कशानं गेले वगैरे. मग कार्ड. पाटी मी स्वतः रंगवली: कार्डाशिवाय औषध नाही. अपवाद नाही.
पहिला पेशंट पत्रू, जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, म्हातारा. वय साठ धरलं. मोळीबद्दल काहीतरी सांगत होता. म्हटलं, आधी लाइनीत! कार्ड नंबर एक त्याला. बिचाऱ्यानं कपाळाला लावलं.
दिवसभरात कार्डं सहा. चाळीस जण उभे राहून राहून घरी गेले. सुरुवातीला असं व्हायचंच.

५ जुलै.
शकुबाई म्हणजे इथली आया, वीस वर्षांपासून. म्हणे, काऊन एवढा लिहिता बाबू, कोनाले काय झालं ते मले सप्पा पाठ हाये. तिला समजावलं की डोकं म्हणजे सिस्टीम नव्हे. डोक्याला अनुक्रमांक नसतो.

९ जुलै.
सुधारणा! ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला प्रश्न माफ. भिंतीला वीतभर खिडकी पाडून घेतली. कार्ड खिडकीतून आत येतं, पेशंट पलीकडच्या दारानं डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर आजार चिठ्ठीवर लिहून पाठवतात, मी कार्डावर चढवून परत देतो. मला फक्त हात दिसतो. तोंडं बघण्यात फार वेळ जातो.

२० जुलै.
नवी कार्डं कमी झाली. पत्रू मात्र चारदा आला. ताप, खरूज, दाढ, पुन्हा ताप.

२८ जुलै.
आज पत्रूच्या हातात हिरव्या बांगड्या. इकडची रीत असेल. आपण कोणाच्या रितीला हसू नये.

६ ऑगस्ट.
डॉक्टरांची चिठ्ठी: पत्रू, अंगावर दूध येत नाही. काय हे डॉक्टरांचं अक्षर! कडक नोट लिहून पाठवली. डॉक्टर म्हणाले, गुणवंतराव, एकदा खिडकीतून डोकं बाहेर काढून बघा. म्हटलं, मावत नाही.

१९ ऑगस्ट.
आठवडाभरात नवं कार्ड एकही नाही! याचा अर्थ बावीस गावांत नवा आजारी नाही. रोग हटला बापा! उरला फक्त पत्रू. डॉक्टरांनी विचारलं, मग बाहेर ही जत्रा कोणाची? मी म्हटलं, पत्रूचे नातेवाईक. एवढा आजारी माणूस असल्यावर लोक भेटायला येणारच.

३ सप्टेंबर.
पत्रूच्या एका दिवसात पाच नोंदी. सकाळी गोवर, दुपारी अस्वलानं ओरबाडलं. जीव कळवळला. शकुबाईला विचारलं, अहवाल जाईपर्यंत तरी टिकेल ना? ती तोंडात पदर कोंबून आत पळाली. तिलाही वाईट वाटलं असावं.

४ सप्टेंबर.
अहवाल रवाना. उत्तर येईपर्यंत पत्रूच्या कार्डावर नवी नोंद बंद. ट्रंक बाहेर काढून ठेवली.

२९ सप्टेंबर.
नागपूरहून जीप आली! ट्रंक उचलून धावलो. साहेबांनी हुकूम वाचला: रुग्ण पत्रू, आजार अठ्ठावन्न, तरी जिवंत, सबब त्यास तपासणीसाठी नागपूरला आणावे. कारकुनाबद्दल एक ओळ नाही.
पत्रू तेवढ्यात डोक्यावर मोळी घेऊन हजर. म्हणे, मले त जलमात ताप आला नाई साहेब. मी इथी सुया उकळाले लाकडं टाकतो. कार्ड टोल्यातले सप्पेच नेतात, या बाबूचे अकरा सवाल कोन झेलन?
साहेबांना पटलं नाही. खरा आजारी असंच बोलतो म्हणाले. मला बोलता आलं असतं. नाही बोललो. सिस्टीमची अब्रू होती.
जीप निघताना पत्रूच्या हातात भागीरथासाठी चिठ्ठी दिली, घरचा पत्ता साहेबांना सांगितला. यायला जमत नाही, एवढंच लिहिलं.

१२ ऑक्टोबर.
पत्रू परत. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: ठणठणीत. आयुष्यात इतका निरोगी माणूस पाहिला नाही.
दसऱ्याच्या दिवशीच चिठ्ठी घेऊन माझ्या घरी गेला होता. भागीरथानं पाटावर बसवलं. पाच पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणे, वरून तूप. बाई लय चांगली हाये बाबू, तुमच्यासाठी रडली थोडी.
पोळ्या किती, ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.
सोबत हुकूम: कार्डांची पेटी अन् कोरी कार्डं जमा करावीत. अठ्ठावन्न आजार कोणाकोणाचे, ते कारकुनानं टोल्याटोल्यात पायी फिरून शोधावं. तोवर बदली नाही.

२ नोव्हेंबर.
शकुबाईनं चुलीपुढे बसून अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नावं सांगितली. चहा उकळायच्या आत. म्हटलं, तोंडी माहिती चालत नाही. उद्यापासून पायी निघतो. महिनाभरात उरकतो.

९ नोव्हेंबर. दुपारी.
सहाव्या टोल्यावरून मला परत आणावं लागलं. थंडी वाजून ताप. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं. माझंच अक्षर. म्हटलं, अहो डॉक्टर, मी गुणवंतराव! म्हणाले, असाल. कार्ड?
कोरं कार्ड एक नाही. शेवटी शकुबाई टोल्यावर जाऊन पत्रूचं घेऊन आली. तो म्हणाला म्हणे, वापरू दे बाबूले, मले कुठी लागते.
खिडकीतून हात आत घातला. आत कोणी नाही. नोंद करणारा बाहेर उभा. मग आत जाऊन, घोंगडं पांघरून, स्वतःच लिहिलं: पत्रू, वय साठ, ताप. नोंद एकोणसाठ.
क्विनाइन मिळालं. शकुबाईनं स्वतःच्या हातानं पाजलं. माझ्या तोंडाकडे बघत.