गच्चीवरचे सोवळे

देवळी,
पौष शुद्ध दशमी, ९ जानेवारी २०२५

चि. जागृतीस हेमराजकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही आणि जे सांगायचे ते ओरडून सांगण्यासारखे नाही, म्हणून कागद हाती घेतला.

घरात अप्रिय घडले आहे. पूजेचे सोवळ्याचे धोतर मी स्वतः धुतो आणि काठीने गच्चीवरच्या उंच दोरीवर वाळत घालतो. पूजा होईपर्यंत त्याला कोणी शिवत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात ते सलग तीन दिवस पहाटे मळकट निघाले. करडी झाक, आणि चुलीपाशी ठेवल्यासारखा वास. गच्चीवर जाते ती एकटी सूनबाई कोकिळा. मी विचारले, ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो की हात लागला तर लागला, वर खोटे कशाला बोलतेस. त्यावर ती एवढेच बोलली, "मामाजी, मी हात नाई लावला. अन् खोटं बोलाले मले कोणी शिकवलं नाई." संध्याकाळच्या बसने ती रोहण्याला आईकडे निघून गेली. चिरंजीव निकेश दुकानातून येतो, जेवतो आणि माझ्याकडे न पाहता उठतो.

बाकी क्षेम. कापसाची वेचणी संपली, रान मोकळे झाले. पहाटे धुके इतके दाट असते की मंदिराचा कळस दिसत नाही. देवाने पांघरूण ओढून घेतले आहे असे वाटते. मी त्यातच फिरून येतो. खोकला मात्र हटत नाही.

तुझी आणि सूनबाईची मैत्री आहे. खरे काय ते तिने कबूल करावे, असे तिला लिही. मी मनात काही ठेवणार नाही.

लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही असावा.
हेमराजकाका

*

पुलगाव,
१३ जानेवारी २०२५

ती. काकांस जागृतीचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. कोकिळावहिनीला मी तसे मुळीच लिहिणार नाही. रागवा, पण आधी पुढचे वाचा.

धुक्याला वास नसतो, काका. ते निव्वळ पाण्याचे थेंब. त्याने धोतर ओले होईल, करडे होणार नाही. तुम्ही ज्यात फिरायला जाता ते धुके नसून धुरके आहे. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होऊन जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावे तसा. एरवी धूर वर जाऊन विरतो. झाकणाखाली मात्र तो गावातच कोंडतो. त्या धुराच्या बारीक कणांवर हवेतली वाफ जमून थेंब होतात. हे मळके थेंब ओल्या कापडावर बसतात आणि तुमच्या छातीतही. मोठ्या शहरांत तर धुक्याचीही गरज लागत नाही. गाड्यांच्या धुरावर ऊन पडले की त्यातूनच डोळ्यांना झोंबणारी तपकिरी हवा तयार होते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. दोन ताटल्यांना तूप माखा. एक देवघरात ठेवा, दुसरी गच्चीवर. गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधा, म्हणजे मांजरावरही संशय नको. दोन रात्रींनी ताटल्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

आणि पहाटेचे फिरणे बंद. ऊन वर आले, जमीन तापली की झाकण उघडते, तेव्हा जा.

तुमचा आशीर्वाद आणि राग, दोन्ही पोचत राहोत.
जागृती

*

देवळी,
पौष वद्य अष्टमी, २२ जानेवारी २०२५

चि. सौ. कोकिळेस अनेक शुभाशीर्वाद.

सासऱ्याचे पत्र पाहून तू कदाचित ते न उघडताच ठेवशील. उघडलेस तर शेवटपर्यंत वाच, एवढी विनंती.

जागृतीच्या सांगण्यावरून मी तूप माखलेल्या दोन ताटल्या ठेवल्या. गच्चीचे कुलूप मीच लावले, मीच उघडले. देवघरातले तूप जसेच्या तसे पांढरे होते. गच्चीवरच्या तुपावर काळे कण होते, कोणी काजळ झाडावे तसे. तेथे कोणाचाही हात पोचला नव्हता.

मग हा धूर येतो कोठून, हे पाहायला मी काल ऊन वर आल्यावर शिवारात गेलो. तीन ठिकाणी कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आतल्या आत धुमसत होते. त्यांतला सर्वांत मोठा ढीग आपल्या शेतातला. आपल्या शेतावरच्या लहानूने सांगितले की मालक, तुम्हीच तर म्हणाले होते, पेटवून दे अन् रान साफ कर. मी म्हणालो होतो. परतल्यावर अंगणात बंब दिसला. त्यात रोज पहाटे पऱ्हाट्या घालून मी स्नानाचे पाणी तापवतो, आणि त्याचे धुराडे नेमके गच्चीच्या त्या दोरीखाली आहे. शुद्ध होण्यासाठी तापवलेल्या पाण्याचा धूर माझ्याच सोवळ्यावर बसत होता.

अग्नीवर धुराचे आवरण यावे तसे बुद्धीवर अहंकाराचे येते, हे मी चाळीस वर्षे प्रवचनांतून लोकांना समजावत आलो. ते आवरण माझ्यावर किती दाट होते, हे मला दिसले नाही. स्पर्शाचा संशय हा माझा दोष होता; तुला खोटी म्हणालो, ते पाप होते. ते मी परत घेतो. तू क्षमा करावीस असा माझा हक्क नाही.

बंब बंद केला आहे. पऱ्हाट्यांची कुटी करणारे यंत्र पुढच्या आठवड्यात भाड्याने येईल. शेजारच्या दोघांनाही मी गळ घातली आहे.

तुझ्या आईस माझा नमस्कार सांग.
हेमराज

*

रोहणा,
२७ जानेवारी २०२५

ती. मामाजींस कोकिळाचा वाकून नमस्कार.

पत्र पहिल्यांदा उघडलं नाई, हे खरं आहे. दोन दिवस फडताळात ठेवलं होतं. मग तीनदा वाचलं. मले तुमच्यासारखं लिहिता येत नाई, बोलतो तसंच लिहून राह्यली.

हे दोनदा न्यायले आलते. मी दोन्हीदा चहा पाजून वापस पाठवलं. एवढं झालं तेव्हा ते तुमच्या समोर एक शब्द बोलले नाई, मग आता पिशवी उचलाले काऊन येता, असं म्हटलं त्यायले. बिचारे खाली मान घालून गेले.

माहा राग धोतराचा नव्हता. बारा वर्षं तुमचं सोवळं सांभाळलं. तुमची काठी पडली तरी दुसऱ्या काठीनं उचलली. म्हणून खोटारडी म्हटलेलं लागलं.

तुमचं पत्र मले पटलं. पण माहा त्रास माह्या आईनं पाह्यला, अन् तिले वाचता येत नाई. मी वाचून दाखवलं तर ते माहंच बोलणं होते. तुम्ही यावं अन् तिच्यासमोर तोंडानं सांगावं. सासरा सुनेले न्यायले येत नाई, हे मले मालूम आहे. तरी म्हणतो, येजा.

अजून एक. इथं माह्या भावानं पऱ्हाट्यांचा ढीग रचलाच होता. तुमचं पत्र वाचून मी काडीपेटी काढून घेतली. तुमचं यंत्र इकडंही पाठवता आलं तं पाहा.

खोकल्याले जपजा. माया राहू द्या.
कोकिळा

*

देवळी,
माघ शुद्ध अष्टमी, ५ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस काकाचे आशीर्वाद.

काल रोहण्याला जाऊन आलो. बसमध्ये, काय बोलायचे याची मनात वाक्ये जुळवत होतो, चांगली संस्कृतप्रचुर. अंगणात सुलोचनाबाई, म्हणजे सूनबाईच्या आई, भाकरी थापत बसल्या होत्या. त्यांना पाहून ती सारी वाक्ये गेली. मी उभ्यानेच म्हणालो, "बाई, तुमची लेक खरी होती. मी तिला खोटी म्हणालो. चूक माझी."

त्यांनी वर पाहिले नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "बसा आधी. भाकर थंडी होते."

तुला माहीत आहे, बावीस वर्षांत मी परान्न घेतलेले नाही. सूनबाई दारात उभी होती. तिच्याही लक्षात ते आले असावे, कारण ती आईला काही सांगायला पुढे झाली. मी हातानेच तिला थांबवले आणि पाटावर बसलो. वांग्याची भाजी तिखट होती, डोळ्यांत पाणी आले. ते भाजीचेच, असे सर्वांनी मानले.

सूनबाई घरात जाऊन पिशवी भरू लागली. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

तुझी आठवण करणारा,
हेमराजकाका