आपण, आम्ही, मी

प्रिय धाकट्या,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पाकीट बाजूला ठेवलं असशील तरी हरकत नाही, सावकाश वाच. मी रागावणार नाही. हल्ली मला राग येत नाही, रडू येत नाही, भूकसुद्धा घड्याळाकडे बघून लागते. जाड हातमोजे घालून भांडी घासावीत तसे दिवस चाललेत. बाकी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तर मी शाळेत शिकवत होते तेव्हाही कुरकुरायचेच.

बाबांचं प्रकरण तू पेपरात वाचलं असशीलच. तरी पहिल्यापासून सांगते, कारण पेपरवाले अर्धं सांगतात आणि उरलेलं अर्धं चुकीचं. आपल्या जन्माआधीच्या लढाईत एका तुकडीने नदीवरचा पूल राखला, आणि तिथल्या दगडावर त्या लोकांची नावं कोरली आहेत. बाबांचं नाव त्यात सगळ्यात खाली आहे, ते मंत्री झाल्यावर घातलेलं. आता त्या तुकडीतला एक म्हातारा दवाखान्याच्या खाटेवरून बोलला की हा माणूस मी पुलावर कधी पाहिलाच नाही. झालं! कोलीत मिळालं सगळ्यांच्या हातात. साहेब आघाडीवर होते की पिछाडीवर, असा मोठ्ठा मथळा पहिल्या पानावर आला. पक्षाचे लोक म्हणतात, सामान पुरवणाऱ्यांनाही त्या आठवड्यात पुलावर नेलं होतं. विरोधक म्हणतात, कागद दाखवा. कागद म्हणे जळाले. शेवटी एक समिती बसली, आणि बाबांचं नाव दगडावर ठेवायचं की खरवडून काढायचं, हे ती ठरवणार आहे.

तुला हसू येईल, पण सगळं भांडण माझ्या विषयावर, व्याकरणावर येऊन ठेपलं आहे. कुणीतरी बाबांची जुनी भाषणं खणून काढली. पहिल्या निवडणुकीत बाबा म्हणाले होते, आपण तो पूल राखला. आपण म्हणजे ऐकणाराही त्यात आला, अख्खा देश आला, त्यात खोटं काहीच नाही. पुढच्या निवडणुकीत ते झालं, आम्ही तो पूल राखला. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि बोलणारा आत. मी जन्मभर पोरांना फळ्यावर हेच समजावत आले आणि घरात बसून बाबांचं सर्वनाम बदलताना ऐकत आले. मंत्री झाले तोवर आम्हीच्या जागी मी आलं होतं. मी त्या पुलावर होतो. एवढं झालं तरी टाळ्या वाजवताना कुणाला व्याकरण आठवलं नाही. लोकांना तेच हवं होतं, आणि बाबांना नाही म्हणता येत नव्हतं. एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जात असावं.

खरं काय ते आईला माहीत होतं. जायच्या आधी तिने मला सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, जसं काही शेजारणीचं सांगतेय. बाबा पुलापासून खूप मागे, बुटांच्या कोठारात होते. मेलेल्यांचे बूट गाडीतून परत यायचे, ते धुवायचे, डावा-उजवा जोड लावायचा आणि पुढच्या माणसाला द्यायचे. कित्येकदा दुसरा बूट यायचाच नाही. आई म्हणाली, ते काम काही कमी नव्हतं गं, पण त्याला दगडावर जागा नसते. मी ऐकून घेतलं आणि भाजी फोडणीला टाकली.

तू मात्र पूल ऐकतच मोठा झालास. तुझ्या खेळात पायपुसणं म्हणजे नदी, आणि त्यावर आडवी घातलेली माझी पट्टी म्हणजे पूल. पुढे मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच दुसरी लढाई लागली आणि तू सैन्यात नाव घालून मोकळा झालास. आईने तुझी पिशवी भरली आणि बाबांनी पत्रकार बोलावले. परत आलास तेव्हा स्टेशनवर बॅन्ड होता. बाबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून भाषण केलं, आणि तू जिथून आला होतास तिथलं एक अक्षर न बोलता पुन्हा पुलावरच बोलत राहिले. तुझी बोटं गेलेला हात तू खिशात घातला होतास. गाडीने पहिलं वळण घेतलं तसा तू थांबवायला सांगितलंस, उतरलास, दार हळूच लावलंस. आई कितीतरी दिवस तुझं ताट मांडायची. पुढे कळलं की तू पंपदुरुस्तीचं दुकान टाकलंयस. तेवढ्यावर आम्ही समाधान मानलं, दुसरं करणार काय?

आता गेल्या मंगळवारचं सांगते. बाबा थकलेत. सकाळी जरा ताळ्यावर असतात, दुपारनंतर मला आई समजतात. समिती जबाब घ्यायला घरी येणार म्हणून पक्षाचा चिटणीस आठवडाभर रोज येऊन त्यांची तालीम घेत होता. साहेब, तुम्ही फक्त मान हलवा, बाकी आम्ही बघतो. मला तर त्याने वाक्यच लिहून दिलं होतं. मी त्याला म्हटलं, यात क्रियापद चुकलंय. तो ओशाळला आणि दुसरं लिहून घेऊन आला. खरं सांगू? मी काहीच ठरवलं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायला तोंड उघडत नव्हतं. विचारलंच तर मला माहीत नाही म्हणणार होते, शाळेतली पोरं म्हणतात तसं.

समितीचे तिघं बाहेरच्या खोलीत बसले. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, मऊ बोलणारे. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलेना. त्यांनी बाबांना विचारलं, साहेब, त्या दिवशी आपण पुलावर होतात ना? चिटणीस मागे उभा राहून स्वतःच मान हलवायला लागला. आणि बाबा अगदी स्वच्छ आवाजात, भाषणातल्यासारखे बोलले की मी तिथं नव्हतो. मी मागे बुटांच्या कोठारात होतो. पुलावर माझा मुलगा होता.

मग न्यायाधीशांनी हळूच मला तुझं वय विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, बाबांकडे फार प्रेमाने पाहिलं आणि लिहायला सांगितलं की वृद्धापकाळामुळे भ्रम, जबाब ग्राह्य नाही. त्या लढाईच्या वेळी तू जन्मलाच नव्हतास ना! आणि तुझ्या लढाईत तर पूलही नव्हता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं, त्याला एक चूक चिकटली आणि चुकीबरोबर खरंही फेकलं गेलं. मी तिथेच उभी होते. कोठाराचं खरं आहे, एवढं मला सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. चिटणीस जाताना खुशीत होता. माझ्या हाताला हात लावून म्हणाला, देवच धावला हो ताई.

आता समितीला घरातल्या दुसऱ्या माणसाचा जबाब हवा आहे, आणि तो तुझा. तू खरा सैनिक, तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार! सोमवारी चिटणीस तुझ्या दुकानात येईल. वडील लहानपणी पुलाच्या आठवणी सांगायचे, एवढ्या एका वाक्याखाली सही मागेल. सांगायचे, हे तर खरंच आहे. सही केलीस तर नाव दगडावर राहील, नाही केलीस तर जाईल. काय करायचं ते तू बघ. मी तुला अमुक कर म्हणणार नाही, तो हक्कही नाही आणि आता तेवढी उमेदही नाही.

पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मंगळवारपासून बाबांनी दगडाचं नाव काढलेलं नाही. मी पेपर वाचून दाखवायला गेले तर हात वर करून थांबवतात. जेवायला बसले की मात्र घास हातात धरून एकच विचारतात, मला आई समजून, अगदी हळू आवाजात, की धाकट्याला तिथं भीती वाटली असेल का गं? मी म्हणते, मला काय ठाऊक, विचारून सांगते. मग जेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज विचारून सांगते म्हणते आणि विचारत नाही, हे आता मला जमेना. म्हणून विचारते. तिथं तुला भीती वाटली होती का रे?

तुझीच,
ताई